अकरा जणींना पाठवलेला निरोप

ऑर्कुटचे दिवस होते. आमच्या स्तोत्रवर्गातील भगिनींसाठी सुनेने तेथे एक समूह उघडून दिला होता. स्तनांची तपासणी करून घ्यावी, गाठ लागल्यास लपवू नये, असे मी त्यावर दोनदा लिहिले आणि इतरांनाही कळवण्याची विनंती केली.

नाशिकरोडला राहणाऱ्या माझ्या धाकट्या जावेला गाठ लागत होती. श्रीसूक्ताचा पाठ संपल्यावर मी तिला विचारले, "तपासून आलीस का?"

"ताई, अकरा जणींना पाठवला निरोप. लेकीकडून टाइप करून घेतला."

"आणि तू?"

"मला काही दुखत नाही हो."

देवीच्या नावाने आलेले पत्र अकरा जणींना धाडण्याची आमच्याकडे जुनी सवय. पत्र पुढे गेले की कर्तव्य संपले. वर्गातील एकीनेही तपासणी करून घेतली नव्हती. ज्यांना इतकी वर्षे अर्थासह पाठ शिकवला, त्यांनी येथे अर्थच सोडून द्यावा, याचा मला मनस्वी वैताग आला.

"पोथी मिट आणि चल," मी म्हणाले.

"आत्ता? घरी नैवेद्य व्हायचाय."

"देवी थांबेल. गाठ थांबणार नाही."

ती पुटपुटत उठली. रिक्षात मी आधी तिला बसवले आणि रुग्णालयाचा पत्ता स्वतः सांगितला.