पडद्यावर न मावलेला चार

भांडायला जायचं असलं की मी कडक इस्त्रीचा शर्ट घालतो. करी रोडच्या टॉवरांमागे माझ्या भाचीची परदेशी बोर्डाची शाळा आहे. तिथे पालकांना पेपर दाखवायचा ओपन डे होता आणि बहिणीला रजा मिळेना, म्हणून मीच गेलो. उड्या मारत गेलो म्हणा.

प्रकरण असं. परीक्षेत समीकरण होतं: दोनचा क्षवा घात बरोबर क्षचा वर्ग, तर क्ष किती? या मुलांना आलेख काढणारा कॅल्क्युलेटर देतात. दोन्ही बाजूंचे आलेख काढायचे, ते जिथे एकमेकांना छेदतात ती उत्तरं. पडद्यावर ते दोनदा छेदतात, एकदा दोनवर आणि एकदा शून्याच्या डावीकडे. भाचीने ही दोन उत्तरं लिहिली आणि जोडीला चारही लिहिला. कारण दोनचा चौथा घात सोळा आणि चारचा वर्गही सोळा. मॅडमनी चारवर लाल काट मारून मार्क कापला. त्या एका मार्काने पोरीचा गणिताच्या वरच्या गटातला प्रवेश हुकत होता.

“चार कुठे दिसतोय, दाखवा,” म्हणत मॅडमनी कॅल्क्युलेटर माझ्या नाकापुढे धरला.

“तुमचा पडदा दहापर्यंतच आहे. सोळा त्यात मावणार कसा? उद्या या खिडकीतून शीव दिसत नाही म्हणून शीव नाहीच म्हणाल.”

“मामा, हळू बोल ना.” भाचीने कॅल्क्युलेटर घेतला, वरची मर्यादा वीस केली. वरच्या बाजूला दोन्ही रेघा पुन्हा भेटल्या. “हा बघा, मॅडम.”

मॅडमनी नमुना उत्तरांचा कागद पुढे ओढला. “पण नमुना उत्तरात दोनच आहेत. सगळ्या वर्गाने दोनच लिहिलीत. चार धरला तर बाकीच्यांचा मार्क कापावा लागेल.”

मागे पालकांची रांग होती. तिच्यातले एक गृहस्थ पुढे झाले. “अहो, कशाला ताणताय? आमच्या मुलाचं नीट चाललंय ना.”

“दोन काय नि तीन काय, पुढे कोण विचारतंय,” त्यांच्या मागच्या बाई म्हणाल्या.

माझं डोकं तापलं. मॅडमनी ते ओळखलं, झटकन पेपर ओढून मार्क वाढवला आणि आवाज खाली आणला. “हिला दिला. बाहेर बोलू नका.”

“म्हणजे चार बरोबर आहे?” भाचीने विचारलं.

“तुझ्यापुरता.”

तुझ्यापुरता! गणितात! भाचीला तिचा गट मिळाला होता, ती माझी बाही ओढत होती. पण मी रांगेकडे वळलो, घसा खाकरला, दोन्ही हात पसरले. “मंडळी, चारचा वर्ग किती, एवढं सांगा, मी निघतो.”

त्या गृहस्थांनी चक्क मोबाइल काढून हिशेब केला.

“सोळा,” ते पुटपुटले आणि मोबाइल खिशात घातला. मुलाचा मार्क जाणार होता ना त्यांच्या.