सासूबाईंचं वजन

सर्व्हेचा भरलेला फॉर्म हेडऑफिसला जातो. ज्याला फॉर्मात रकाना नाही ते आमच्यापाशी साठत राहतं, आणि कुंदा नि मी भेटलो की बाहेर पडतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही दोघी जुन्नर-आंबेगावात घरोघरी आरोग्याचा सर्व्हे करायचो.

*

पारगावात एका ऊसवाल्या भाऊंच्या बायकोचं हिमोग्लोबिन तपासायचं होतं. बोटाला टोचून एक थेंब, बस्स! भाऊ म्हणाले, "येवढंच? आमच्याकडचा ढेकूण बी येवढ्यात ऐकत न्हाई!"

थेंब दिसला आणि भाऊच मटकन खाली बसले. वहिनी मोकळ्या हाताने त्यांना वारा घालत होत्या.

*

महाळुंगे पडवळला कुणीतरी उठवलेलं, घरात जे नाही ते सरकार देणार. "टीव्ही आहे?" "न्हाई." आतून तर हिंदी मालिकेतली बाई हुंदके देत होती! "त्यो शेजारचा आवाज हाय."

शेजारी गेलो. "टीव्ही आहे?"

"न्हाई ना ताई. आमी त्यांच्याकडंच जातो बघायला!"

*

खरी अडचण सासूबाईंची. बाळंतपणाचे प्रश्न सुनेला एकटीला विचारायचे असा नियम, आणि सासूबाई मध्येच: "तिला काय कळतंय, मी सांगते." म्हणून कुंदा प्रश्न विचारायची आणि मी सासूबाईंना वजनकाट्यावर न्यायची. वजनाला कुणी नाही म्हणत नसे. ते फॉर्मात लागतच नव्हतं. मी आपली गंभीर चेहऱ्याने पाठकोऱ्या कागदावर लिहायची.

*

ओझरजवळच्या वस्तीवर मेंढरं पाळणारं एक घर होतं. तिथल्या आजींनी नातवाला उचललं आणि म्हणाल्या, "अकरा किलो." काट्यावर ठेवला, बरोबर अकरा! मी थक्क. मग आजी स्वतः काट्यावर चढल्या.

"मला भाईर काढायला काटा आणला, येवढं कळतंय मला. काय इचारता सुनंला?"

मी ओशाळले. खरं ते सांगितलं. "मुलं किती झाली, किती जगली, गेलेल्यांची नावं."

"मंग माझं बी लिव्हा."

"आजी, एकोणपन्नासच्या पुढच्यांना विचारत नाहीत." सांगताना मलाच वाईट वाटलं.

आजी काट्यावरून उतरेनात. "मंग पंचेचाळीस लिव्हा वय. माझी तीन गेली. त्यांची नावं कुटंच लिवलेली न्हाईत."

मी त्यांच्या वजनाच्या कागदावर पेन टेकवलं.

"थोरली सखू. दोन वर्साची व्हती." आजींनी दोन्ही हात पुढे केले आणि जरा थांबल्या. "नऊ किलो."