रेषेच्या वरचं तेल

थोरल्या भावाला जाऊन दोन महिने झाले होते, तरी संध्याकाळी त्याची जीप चढणीला लागली की आई आतून म्हणायची, "इलो एकदाचो." जीप मी चालवत असे.

सिंधुदुर्ग जिल्हा नुकताच वेगळा झाला होता तेव्हाची ही गोष्ट. भाऊ सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळमाळावरच्या, चिरेखाणींत राहणाऱ्या कामगारांना पाण्याची पिंपं पोचवायचा. तो तापाने गेला. पण पावसापर्यंत पाणी कुणीतरी न्यायला हवंच होतं. शाळेत शिकवून झालं की मी नेऊ लागलो.

खाणीची वाट म्हणजे रस्ता नव्हेच. ट्रकांच्या चाकांनी दळलेला जांभा दगड, घोट्यापर्यंत लाल भुकटी. पुढे ट्रक असला की काही दिसत नसे. घरी आल्यावर वाचायला पुस्तक उघडावं तर पानांवर माझ्या बोटांचे लाल ठसे उमटत. भावाचे शर्ट पुन्हा पुन्हा धुतले तरी बादलीत लाल पाणी यायचं.

अशा वाटेवर इंजिन जगतं ते एअर फिल्टरवर. जीपचा फिल्टर जुन्या पद्धतीचा, तेलाचा. हवा आधी डब्यातल्या तेलावरून जाते, धूळ तेलात बसते. तेल कुठवर भरायचं त्याची डब्यात रेषा असते. खाणीवरचे ड्रायव्हर मात्र बोटभर वरच भरत. धूळ एवढी, मग तेल नको जास्त? भाऊही तसंच भरायचा. त्यामुळे चढणीला जीपमधून एक ओली घुरघुर येई, छातीत कफ असलेल्या माणसाच्या श्वासासारखी. वाडीत दुसरी गाडी नव्हती; त्या घुरघुरीवरूनच आई त्याला ओळखायची. पहिल्या दिवशी मीही त्याच्यासारखंच तेल भरलं, कारण मला वेगळं ठाऊक नव्हतं. त्या संध्याकाळी आईने आतून 'इलो एकदाचो' अशी हाक दिली आणि माझा पाय ब्रेकवर तसाच राहिला. नंतर रेषेचं कळलं, तरी मी बोटभर वरच भरत राहिलो.

मग जीप निळा धूर सोडू लागली. कुडाळच्या मिस्त्रीने बॉनेट उघडलं.

"मास्तरांनू, गाडीक दारू पाजतास काय?"

"तेलाचाच फिल्टर आहे. दादा भरायचा तसाच भरतो."

"तुमचो दादा नि ते खाणवाले, सगळे एकाच माळेचे मणी. जास्तीचा तेल इंजिन ओढून घेता. आणि तुम्ही तर बैलाच्या चालीन जातास, तितक्या हळू तेलाक धूळ धरूक जमाचा नाय. कागदाचो फिल्टर घाला."

"कागदाचा लवकर तुंबतो म्हणतात."

"तुंबतलोच. तुंबलो की बदला. दगडावर आपटून झाडू नका, फाटतलो. नायतर हीच घुरघुर ऐकत बसा, पावसाच्या आधी इंजिन बसतला."

मी त्याला आवाजाचं विचारलं. कागदाचा बसवला तर ही घुरघुर राहील का?

"ऱ्हवात कशी? आजार गेल्यार खोकलो ऱ्हवता?" तो हसला. मग माझ्या तोंडाकडे पाहून हात पुसू लागला.

इंजिन गेलं असतं तर तो आवाजही गेला असता, हे मला कळत होतं. तरी 'घाला' म्हणायला मला वेळ लागला.

त्या संध्याकाळी जीप चढण हलकी चढली. मी कान देऊन होतो. घरातून हाक आली नाही. आई पुढच्या अंगणात, खळ्यात आली, पदराने डोळ्यांवरचं ऊन अडवत.

"कोणाची रे गाडी?"

"आपलीच गो आये. मी इलंय."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बाजूच्या रिकाम्या सीटकडे.

"मगे तो?"

इतके दिवस आम्ही घरात त्याचं सगळं बोलत होतो, त्याचे शर्ट, त्याची पिंपं, त्याची जीप. हे एक सोडून.

"तो नाय गो आता," मी म्हटलं.

ती तिथेच सारवलेल्या जमिनीवर बसली आणि त्याच्या मरणानंतर पहिल्यांदा मोठ्याने रडली. इंजिन चालूच होतं. ते बंद करायला माझा हात पुढे होईना.