काय शिजतंय आज?

या, अशा जवळ बसा. आणि हे काय, तीन जिने एका दमात चढून आलात? धाप बघा केवढी लागलीय. पहिल्या मजल्यावर स्टूल ठेवलंय, दुसऱ्यावर ठेवलंय, ती काय शोभेला? पाणी प्या आधी. मग त्या स्टुलांचंच सांगते.

आमच्या लालबागच्या या चाळीत एक मुलगी यायची. पहिल्या मजल्यावर आली की कठड्याला हात टेकून उभी राहायची, मान जराशी तिरकी करायची आणि समोरच्या दारात विचारायची, "काय शिजतंय आज?"

ती डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती. घर गिरगावात, फणसवाडीला; वडील कारकून. दिवसभर परळच्या इस्पितळात शिकायची आणि संध्याकाळी आमच्या तळमजल्यावरच्या दवाखान्यात म्हाताऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करायची. मीही तिथेच होते. औषधाच्या बाटल्यांना खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायची, एक खाच म्हणजे एक डोस, हे माझं काम. शाळा मी पाहिली नाही. चिठ्ठ्यांवरची नावं लावता लावताच अक्षरं आली. मला ती मावशी म्हणायची. चाळीतलं कुणी तिला डॉक्टरीणबाई म्हणालं की लगेच म्हणे, "अजून व्हायचंय हो. आधीच नजर लावू नका."

ज्यांना खाली उतरवत नाही अशांना बघायला डॉक्टर तिला वर पाठवायचे. पण हिला वर पोचायला कोण वेळ! पहिल्या मजल्यावरच्या काकी मालवणच्या. त्या म्हणायच्या, "काय शिजतला, बाय? कुळताची पिठी. रोज इचारतंस, एक दिस जेव तरी!" दुसऱ्या मजल्यावरची पारूबाई साताऱ्याकडची. ती भाकऱ्या थापता थापता सासूचं गाऱ्हाणं काढायची आणि ही कठड्याला टेकून सगळं ऐकून घ्यायची. बायका म्हणत, एवढी शिकलेली पोर, पण माणसांचा काय लळा! मला मात्र राग यायचा. मी मागे ट्रे धरून उभी.

"चला हो," मी म्हणे, "पेशंट वर आहे, चुलीत नाही."

"आलेच मावशी. पिठीला फोडणी बसू दे."

संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. आमच्या भागात मोर्चे, घोषणा, अश्रुधूर, आणि एका दुपारी गोळीबार. कर्फ्यू लागला. डॉक्टर त्यांच्या घरी अडकले, ही दवाखान्यात अडकली. त्यात माझ्या सासूबाईंचा दमा उसळला. ओठ काळेनिळे झाले. मी धावत खाली गेले. तिने इंजेक्शनचा डबा उचलला आणि निघाली.

पहिल्या मजल्यावर सगळी दारं बंद. काकींचंही. गॅलरीत कुणी नाही. आणि ही कठड्याला हात टेकून थांबली. मान तिरकी. बंद दाराकडे बघत पुटपुटली, "काय शिजतंय..."

माझं डोकंच फिरलं. "अहो, तिकडे म्हातारी मरतेय आणि तुम्हाला स्वयंपाक सुचतोय?"

ती पुढचा जिना चढली आणि दुसऱ्या मजल्यावर पायरीवर बसलीच. "तुम्ही पुढे व्हा. त्यांना उशांना टेकवून बसवा. मी येते." तेव्हा मी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. सासूबाईंचे झाले होते तसेच तिचेही ओठ.

आली ती. इंजेक्शन दिलं, हात जरासुद्धा हलला नाही. सासूबाईंना उतार पडला, तशी तीही भिंतीला टेकून खाली बसली. मी विचारायच्या आत तिने तपासायची नळी माझ्या कानांत घातली आणि दुसरं टोक स्वतःच्या छातीवर धरलं. मला वाटलं टिकटिक ऐकू येईल. ठोक्याच्या आडून कुणी जातं ओढावं तशी घरघर येत होती.

लहानपणी तापात सांधे धरले होते, तेव्हापासून हृदयाची एक झडप आखडत चालली होती. तिने स्वतःच नळी लावून ओळखलं, मग इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, ऑपरेशन करून घे, वेळ घालवू नकोस.

"हृदयात बोट घालून झडप मोकळी करतात, मावशी. बाबांना कळलं तर ते ऑपरेशनला नाही म्हणतील आणि मला घरी बसवतील. आधी परीक्षा होऊ दे. कुणाला सांगू नका. माझी शपथ."

शपथ मी चार दिवसांत मोडली. फक्त काकींना सांगितलं, आणि तेही कुणाला सांगू नका म्हणून! पुढच्या आठवड्यात पहिल्या मजल्यावर काकींचं स्टूल, दुसऱ्यावर पारूबाईचं.

"बस गो बाय, उभी कित्याक?"

तिने स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मावशी, इथे तरी मी डॉक्टर होते. तुम्ही मला पेशंट केलंत." आणि तशीच उतरून गेली.

आठ दिवस आली नाही. मी पट्ट्या चुकीच्या कापत होते, डॉक्टरांची बोलणी खात होते. नवव्या दिवशी आली, पहिल्या मजल्यावर गेली आणि सगळ्यांदेखत स्टुलावर बसली. धाप ओसरेपर्यंत बसली. मग म्हणाली, "वॉर्डात एक बाई आहे. माझंच दुखणं तिला. मी तिला ऑपरेशन करा म्हणून समजावत होते. तर म्हणते, तुम्ही केलं असतं का हो? मी उठून इकडेच आले. बाबांना सांगायला माझ्याबरोबर याल?"

फणसवाडीच्या त्या दोन खोल्यांत मी दाराशीच बसले. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. किती तरी वेळ हातातल्या टोपीची घडी सारखी करत होते. मग एवढंच म्हणाले, "दुखतं का गं?" ती नाही म्हणाली आणि रडायला लागली. त्यांनी ऑपरेशनच्या कागदावर सही केली. घरी बसवायचं नावही काढलं नाही.

ऑपरेशन नीट झालं. तीन महिन्यांनी आली, आणि जिन्याने निघाली ती थेट तिसऱ्या मजल्यावर. मीच मागे पडले. वर पोचते तर ही हसत उभी. "बघा मावशी, धाप नाही!"

तेवढ्यात खालून काकींचा आवाज आला. "गो बाय, आज इचारलंस नाय ता?"

तिचं हसू थांबलं. नळी माझ्या हातात दिली आणि दोन जिने उतरून गेली. काकींच्या दारापुढे कठड्याला हात टेकला, मान तिरकी केली. "काय शिजतंय आज?" मग पारूबाईकडे तेच, सासूच्या गाऱ्हाण्यासकट. त्यानंतर तिने कधी चुकवलं नाही.

ती पास झाली. महाराष्ट्र झाला आणि चाळीवर कंदील लागले, तेव्हा ती कोकणातल्या एका दवाखान्यात नोकरीवर होती. पत्रं लिहायची, मला वाचता यावं म्हणून मोठ्या अक्षरात. काही वर्षांनी झडप पुन्हा आखडली. शेवटचं पत्र आलं ते तिच्या वडिलांच्या अक्षरात, बारीक. ते लावायला मला दोन दिवस लागले.

आता काकी नाहीत. पारूबाई गावी गेली. नवे बिऱ्हाडकरू म्हणतात, आजी, ही स्टुलं वाटेत कशाला? मी पुसून परत तिथेच ठेवते. बाजारातून येताना दोन्हींवर बसते आणि समोरच्या दारात विचारते. सांगतात बिचारे, डाळ आहे, अंडी आहेत.

तर असे वर्षाने तोंड दाखवू नका. लवकर या. सावकाश या, दोन्ही मजल्यांवर थांबा, दारात कुणी असेल तर विचारा. खाली पावलं थांबली की मला वर ऐकू येतं. तोवर मी चहाचं आधण ठेवते.