चौथं शील आणि काळी चौकट

उपनगरातल्या बुद्धविहाराच्या कपाटात धम्मपालचे दोन जुने संगणक चार वर्षं घुमत होते. एकावर वस्तीचे निरोप आणि गप्पा, दुसऱ्यावर रविवारच्या वंदनेचा व्हिडिओ. दोन्ही सर्व्हर त्यानेच उभे केलेले. रविवारी सकाळी त्याचा फोन थांबत नसे. "धम्मपाल, लिंक टाक रे." तो करवादायचा, पण फोन कमी आले तर त्याला चहा गोड लागत नसे.

मग शेजारची पायल कॉलेजातून नवं अ‍ॅप शिकून आली. सूचना, पुस्तकं, कार्यक्रमांच्या तारखा, सगळं एकात. दोन संध्याकाळींत तिने धम्मपालचे दोन्ही सर्व्हर त्याला जोडून टाकले. आता लिंक नको. बटण दाबलं की झालं.

"पोरीने कमाल केली," वस्तीतल्या मालनबाई त्याच्या तोंडावरच म्हणाल्या. "तुझी कटकट वाचली बघ."

"हो ना," धम्मपाल म्हणाला. पुढ्यातला चहा मात्र तसाच राहिला.

पायलने विचारलं, "काका, विहाराच्या वायफायवर वस्तीतले सगळे दिसतात. बाहेरगावच्यांसाठी आणखी एक पासवर्ड लागतोय. तुमच्याकडे आहे?"

"होतं ते सगळं दिलंय."

पासवर्डची चिठ्ठी त्याच्या खिशातच होती.

रविवारी पडद्यावर सगळे आले. सायखेड्याच्या अक्काबाईंची चौकट तेवढी काळी. खुबा मोडल्यापासून त्या अंथरुणावर. आठवड्यातून एवढीच काय ती वंदना. त्यांचा फोन धम्मपाललाच आला.

"मेणबत्ती लावून बसलेय रे. नुसतं काळं दिसतंय. त्या पोरीचं काय खरं नाय, तुझीच लिंक बरी व्हती."

हेच ऐकायला तो आठवडाभर झुरला होता. आता ऐकलं, तर हात खिशातल्या चिठ्ठीकडे गेला.

पंचशील तो सांगायचा, मागून सगळे म्हणायचे. तीन शीलं झाली. चौथं खोटं न बोलण्याचं. "मुसावादा..." म्हणून तो थांबला. लोक पुढच्या शब्दाची वाट बघत राहिले.

तो उठला. पायलपुढे चिठ्ठी ठेवली.

"हा घे पासवर्ड. द्यायचा राहिला नव्हता, मी ठेवून घेतला होता."

पायलने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पासवर्ड भरला. काळ्या चौकटीत आधी मेणबत्ती उमटली, मग पांढरं लुगडं, मग अक्काबाई.

"दिसलं गं बाई. पायल, लय हुशार हायेस तू."

मालनबाईंच्या बोलण्यासारखंच धम्मपालला हेही खुपलं. तो जागेवर बसला, हात जोडले आणि चौथं शील पहिल्यापासून म्हणू लागला.