मागितल्याशिवाय द्यायचं नाही

भरलेला तांब्या माझ्या हातात होता आणि हिबा रिकाम्या टबात बसून तांब्याकडे बघत होती. आनंदाने तिचे दोन्ही हात फडफडत होते. मी तांब्या कलता केला.

"ओतू नका, ताई," रिद्धी मॅडम म्हणाल्या.

"पाणी पाहिजे हाय तिला, म्याडम."

"ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत आहे. पण तिने मागितलंय का?"

मी थांबले. हिबा हसत राहिली. जी मुलगी एक शब्द बोलत नाही ती मागणार कशी, असं मला विचारायचं होतं. पण शिकलेल्या माणसांसमोर माझी जीभ उचलत नाही. तांब्या धरून उभी राहिले.

हिबा सहा वर्षांची आहे. ती रांगत होती तेव्हापासून मी तिला सांभाळते. सकाळी कोन गावावरून पनवेलला यायचं, संध्याकाळी परत. तिचे अब्बा मस्कतला असतात. आई शाळेत शिकवते, तिला मी भाभी म्हणते. घरात दादी असतात, म्हणजे हिबाच्या अब्बांची आई. त्या गुडघ्यांमुळे पलंगावरून फार उठत नाहीत, पण बोलण्यात मागे नाहीत.

हिबाच्या आजाराचं नाव अँजेलमन. डॉक्टरांनी समजावलं ते असं. आपलं शरीर कसं घडायचं याची एक आखणी जन्माच्या आधीपासून आपल्या आत असते. हिबाच्या आखणीतला एक बारीकसा तुकडा गळलाय. कुणाची चूक नाही. अशी मुलं बहुतेक बोलत नाहीत. चालताना तोल जातो. झोप कमी. फिट येतात. पाण्याचं वेड असतं. आणि ती फार हसतात. फिटचं औषध मी केळ्यात कालवून देते. न्हाणीघराला बाहेरून कडी ठेवते, नाहीतर ही बादलीत डोकं घालते. तिला भूक लागली की ती कानाला हात लावते, झोप आली की माझ्या ओढणीचं टोक चावते. हे सगळं मला कळायचं. म्हणून तर मी चांगली कामवाली होते.

मॅडम स्पीच थेरपिस्ट आहेत. म्हणजे बोलायला शिकवणाऱ्या. पण त्या बोलायला शिकवत नाहीत, मागायला शिकवतात. एका पाटीवर छोटी चित्रं असतात, चपलेला असते तशा चर्र आवाजाच्या पट्टीने चिकटवलेली. टब, केळं, झोका. जे पाहिजे त्याचं चित्र मुलाने उपटून समोरच्याच्या हातात द्यायचं. दिलं की लगेच वस्तू द्यायची. दिलं नाही तर थांबायचं. जेवण आणि प्यायचं पाणी मात्र अडवायचं नाही. एवढंच काम.

मॅडम पंचविशीच्या. खारघरहून स्कूटीवर येतात. बेल वाजली की हिबा हात वर करून, पाय फाकून दाराकडे धावते. तिच्या हसण्याचं मला काही नव्हतं. ती गॅसवाल्याला बघून हसते, खिडकीतल्या कबुतराला बघून हसते. पण एक गोष्ट ती फक्त माझ्याशी करायची. फार आनंद झाला की माझ्या हनुवटीला कपाळ टेकवून तसंच दाबून धरायची. एका मंगळवारी तिने ते मॅडमशी केलं.

मॅडमना त्यात विशेष काही वाटलं नाही. "अरे वा," म्हणाल्या आणि पाटी मांडायला लागल्या. मी आत जाऊन भांडी घासली. या घरात भांड्यांना दुसरी बाई आहे.

संध्याकाळी फ्रॉक बदलताना त्याला मॅडमच्या सेंटचा वास आला. मी तो धुवायला टाकला. मळलेला नव्हता.

मॅडमसमोर हिबा चित्रं द्यायला लागली. टबाचं चित्र तर फाडायचंच बाकी ठेवायची. पण त्या गेल्या की पाटीकडे बघायचीही नाही. भाभींनी विचारलं, "घरी का नाही देत ही?"

उत्तर दादींनी दिलं. "सुमनला विचार. पोरीला भूक लागायच्या आधी हिला लागते. पोरीने मागायचं कधी?"

भाभी हसल्या, मॅडम हसल्या, हिबा तर हसतेच. मी नाही हसले.

जाताना मॅडम भाभींशी हळू बोलल्या, पण दार उघडं होतं. त्यांच्याकडे ट्रेनिंग घेतलेली एक मुलगी होती. ती दिवसभर राहिली तर हिबा पटकन शिकेल. दुसऱ्या दिवशी भाभी मला म्हणाल्या, "सुमनताई, राग मानू नका. हा महिना बघू या. तुमच्याकडे तिने मागितलं तर ठीक. नाहीतर मला त्या मुलीला ठेवावं लागेल. दोघींना ठेवणं मला झेपणार नाही."

"हो भाभी," म्हटलं. रिक्षात बसल्यावर मला सुचलं की अजून पुष्कळ बोलता आलं असतं.

त्याच आठवड्यात मॅडमनी पाटीवर माणसांचे फोटो लावले. भाभी, दादी, मी आणि त्या स्वतः. ज्याला बोलवायचं त्याचा फोटो द्यायचा. माझा फोटो काढताना मी ओढणी तोंडावर घेतली.

"ताई, चेहरा दिसू दे. नाहीतर ती कुणाला बोलावतेय ते कळणार कसं?"

फोटोत मी घाबरलेली दिसते. मॅडम त्यांच्या फोटोत छान दिसतात. येता-जाता मी बघायची, माझा फोटो जागचा हललाय का. नव्हता हलला.

मग मॅडमना ताप आला. मला बरं वाटलं. पुढचे दिवस पाटीसमोर हिबा आणि मी दोघीच होतो. मी ठरवलं, आता द्यायचं नाही. टब समोर ठेवला, तांब्या भरला आणि थांबले. हिबा हसली. हात ओढला. ओढणी ओढली. मग तिचं हसणं गेलं आणि ती रडायला लागली. हिबाला रडताना कुणी फारसं पाहिलेलं नाही.

"या अल्ला! कसाई झालीस काय गं?" दादी पलंगावरून ओरडल्या. "ओत ते पाणी!"

"मागू दे तिला, दादी."

"कधी मागेल? मी कबरीत गेल्यावर?"

शेवटी माझाच धीर सुटला. ओतलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. त्यापुढच्या दिवशी मी तांब्या खाली ठेवून तिच्यासमोर बसले. हात पुढे करून बसले, मॅडम करतात तसा. हिबा बराच वेळ माझ्या हाताकडे बघत राहिली. मग डुलत उठली, पाटीकडे गेली. चर्र असा आवाज आला. तिने काहीतरी आणून माझ्या तळहातावर दाबलं.

मी मूठ उघडली. मॅडमचा फोटो होता.

"काय दिलं? काय दिलं?" दादी विचारत होत्या.

फोटो लपवून टबाचं चित्र दिलं असं सांगता आलं असतं. दादींना तिथून दिसत नव्हतं. पण हिबा माझ्याकडे बघत होती आणि नियम मला पाठ होता. दिलं की लगेच द्यायचं. मी मॅडमना व्हिडिओ कॉल लावला. आपणहून फोन मी कुणाला करत नाही.

"म्याडम, हिबाने तुमचा फोटो दिला. तुमाला बोलावते हाय."

मॅडम स्वेटर घालून बसल्या होत्या. आवाज बसलेला. "ताई, खरंच? तुमच्याकडे? तुमच्या हातात दिला?" त्यांचे डोळे भरून आले. हिबाने कपाळ मोबाईलला टेकवलं आणि दाबून धरलं. फोन हातातून सुटेल म्हणून मी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले.

दादी म्हणाल्या, "बघ, कष्ट तू केलेस आणि हाक तिला."

"हो, दादी."

संध्याकाळी भाभींनी मला मिठी मारली. त्या ट्रेनिंगवाल्या मुलीचं नाव पुन्हा निघालं नाही. काम राहिलं. मॅडम बऱ्या होऊन आल्यावर मी न राहवून एकदाच विचारलं, "ती माझा फोटो का नाय देत?"

"अहो ताई, तुम्ही तर कायम समोर असता. समोरच्या माणसाला कोण बोलावतं?"

पटण्यासारखं होतं. मला पटलं नाही.

आता हिबा टब मागते, केळं मागते, झोका मागते. मी मागितल्याशिवाय काही देत नाही. दादी म्हणतात, मी सरकारी ऑफिस झालेय. कधी कधी मी मुद्दाम आत जाऊन ओट्याशी उभी राहते. थोड्या वेळाने पाटीवरून चर्र आवाज येतो आणि हिबा डुलत डुलत मला शोधत येते. हातात टबाचं चित्र असतं. माझा फोटो अजून जागेवरच आहे. तिला पाणी पाहिजे असतं आणि पाणी ओतायला मी लागते. सध्या मी तेवढ्यावर भागवते.