बेबी गाड्यांचा शिंपी

आमच्या ह्यांना स्वतःच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावता येत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना माझा संताप कशासाठी ते कळेल.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आम्ही शारज्याला राहायचो आणि हे तिथल्या इंडस्ट्रियल एरियात एका गॅरेजचं स्टोअर सांभाळायचे. मालक फुजैराचे, वयस्क अरब गृहस्थ. लहानपणी वडिलांबरोबर मुंबईला ये-जा केलेली, त्यामुळे हिंदी अगदी झकास बोलायचे. त्यांना नाद एकच, विलायतेच्या छोट्या गाड्यांचा. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिकडच्या कारकून-मास्तर लोकांना परवडाव्यात म्हणून निघालेल्या, सात-आठ हॉर्सपॉवरच्या. एकाच कंपनीच्या चार तऱ्हा त्यांनी कुठून कुठून जमवल्या होत्या. एक बंद टपाची, एक उघडी, एक कापडी छताची आणि एक चिमुकली व्हॅन, पाव पोचवायची. मोठी गाडी इथे कुणाकडेही असते, म्हणायचे, छोटी कुणाकडे आहे ते सांगा. गॅरेजात सगळे त्यांना बेबी गाड्या म्हणत. पुढे बसलं की गुडघे डॅशबोर्डला टेकायचे, आणि वळायचं असलं की दाराजवळून इंडिकेटरचा एक पिवळा हात टुणकन बाहेर यायचा.

मी कोल्हापूरला शिवणाचा डिप्लोमा केलेला, दोन वर्षं एका नावाजलेल्या दुकानात ब्लाउज शिवलेले. मग लग्न झालं, इकडे आले, आणि पासपोर्टात शिक्का बसला: हाउसवाइफ, काम करायला परवानगी नाही. तो शिक्का मला टोचायचा. मला माझा स्वतःचा, कामाचा व्हिसा हवा होता. एवढं एकच मागणं होतं माझं आणि ते ह्यांना पहिल्या वर्षापासून माहीत होतं.

एके दिवशी हे बोचक्यात बांधून एका बेबी गाडीच्या सीटची कव्हरं घरी घेऊन आले. गॅरेजचा सीटवाला केरळला गेला तो गेलाच, आणि बाकीच्यांनी शिवलेली कव्हरं कोपऱ्यावर गोळा होत होती. कडेला दोरी भरून जी गोट लावायची, ती सरळ जायची पण वळायची नाही. मालक वैतागले होते. मी ते कोपरे बघितले आणि हसूच आलं. अहो, हे तर ब्लाउजच्या गळ्याचं पायपिंग! मेल्यांनी पट्टी सरळ कापली होती, कापड वाचवायला. वळणावर बसायची तर पट्टी उरेब कापावी लागते, तिरकी. कुठल्याही गल्लीतल्या शिंप्याला विचारा. ते रेक्झिन जुन्या पद्धतीचं होतं, कापडावर लेप दिलेलं, त्यामुळे उरेबला छान ताण देत होतं.

मी शिवायला घेतलं. दुपारी मुलगी शाळेत गेली की जाड सुई घालायची, झिप लावायचा एकेरी पाय बसवायचा आणि चाक हातानं फिरवत एकेक टाका घालायचा. पाठीला नळ्यानळ्यांसारख्या उभ्या चुण्या होत्या, त्यांत कापूस ठासून भरायचा. बोटांची चाळण झाली. पण ती सीट पुरी झाली तेव्हा मला जे वाटलं, ते इथे आल्यापासून कधी वाटलं नव्हतं. मी अजून आहे, असं वाटलं.

मालक खूश झाले म्हणे. दुसरी गाडी आली, मग तिसरी. दर वेळी मी विचारायची, माझ्या व्हिसाचं बोललात का? दर वेळी हे म्हणायचे, बोललो, बघू म्हणाले, इन्शाल्ला. मध्येच ह्यांना स्टोअरमधून काढून सीटच्या खात्याचं इन्चार्ज केलं. मला सांगितलं सीनियॉरिटीमुळे. मी शिरा केला.

मग एका गुरुवारी हे मशीनपाशी येऊन बसले. स्वतः चहा करून आणला होता, तिथेच मला कळायला हवं होतं. म्हणाले, ती पट्टी तू कशी कापतेस, दाखव ना. लग्नाला नऊ वर्षं झाली, ह्यांनी माझ्या कामात असं कधी डोकावलं नव्हतं. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी. मी जुन्या चादरीवर दाखवलं: हे टोक त्या कडेला आणायचं, घडी पडते तिच्यावर खडूनं रेघ मारायची, तिला समांतर कापायचं. ह्यांनी तीनतीनदा करून घेतलं.

पुढच्या आठवड्यात शुक्रवारी मालकांनी फुजैराला आपल्या गाड्या ठेवायच्या शेडमध्ये सगळ्या स्टाफला बायकामुलांसकट बिर्याणीला बोलावलं. विलायतेहून कुणी जाणकार पाहुणे आले होते. तीन गाड्या चकचकीत उभ्या, चौथी व्हॅन, तिच्या सीटवर अजून नुसत्या स्प्रिंगा. मुलीला काचेतून दाखवलं, ही बघ आपली सीट. "आय नो, ममा," म्हणाली.

तेवढ्यात मालकांनी ह्यांना पुढे बोलावलं. टेबलावर रेक्झिन, खडू, कात्री मांडलेली. ह्यांनी टोक कडेला आणलं, घडीवर रेघ मारली आणि माझ्या चादरीवर केलं होतं तसंच कापलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मला अजूनही काही संशय आला नव्हता. मला वाटलं, आता हे म्हणतील, ही कला माझ्या बायकोची. खोटं कशाला सांगू, मी पदर नीट केला.

टाळ्या संपल्या आणि मालकच माझ्यापाशी आले. कौतुकानं सांगायला लागले. पहिली सीट बघितल्याबरोबर मी तुमच्या मिस्टरांना म्हटलं, ह्या शिंप्याचा पासपोर्ट आणा, आठवड्यात व्हिसा काढतो. तर हे लाजले आणि म्हणाले, सर, शिंपी कुठला, मीच घरी बसून शिवतो.

आयत्या बिळावर नागोबा ऐकला होता, पण बीळ माझं आणि नागोबा घरचाच! हे शेजारीच उभे होते. मी ह्यांच्याकडे बघितलं नाही, मालकांकडे बघून म्हटलं, "सर, वो मैंने सिया है। तीनों गाड़ियाँ।"

मालक छातीवर हात ठेवून खळखळून हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. "माशाल्ला," म्हणाले आणि ह्यांच्याकडे वळले. विचारावं तसं बघितलं.

आणि हे हसले. म्हणाले, "हेल्प करती है, सर।"

परतताना डोंगरातल्या रस्त्याला मुलगीच आधी बोलली. "बट पापा, ममा डिड इट." हे तिला झोप म्हणाले. मग मला समजावायला लागले, मालक काय बाईमाणसाला गॅरेजात ठेवणार होते? आणि नाव कुणाचंही लागलं तरी घर एकच ना? लबाडी एकवेळ पोटात घातली असती. तो व्हिसाही गेला तर गेला म्हणाले असते. पण खरं काय ते फक्त ह्यांना ठाऊक होतं, आणि ते परक्या माणसाबरोबर मला हसले.

शनिवारी व्हॅनची कव्हरं घेऊन आले, नेहमीसारखी मशीनपाशी ठेवली. यल्ला, चल लवकर, म्हणाले, महिन्याअखेर द्यायचीत. मी पोळ्या लाटत होते.

"मालकांना सांगा, शिंपी गावाला गेला," मी म्हटलं. "परत यायचा नाही."

चार दिवस वाट बघितली ह्यांनी. राग काय, उतरेल. पाचव्या दिवशी कामावरून लवकर आले आणि स्वतःच मशीनवर बसले. मी स्वयंपाकघरात भाजी निवडत होते. पहिली सुई मोडल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं दुसरी. मग हाक आली, "अगं, जरा येतेस का?"

हात धुतले, पुसले, आणि दारात जाऊन उभी राहिले. मांडीवर रेक्झिनचा गोळा घेऊन बसले होते.

"हेल्प करू का, सर?" मी विचारलं.